मोमोतून निघालेलं तेल

मित्रांनो, मी आदिलाबादजवळच्या बेला गावातल्या चंपतरावांच्या स्वयंपाकघरातला एक जुना एअर फ्रायर आहे. जुना म्हणजे सव्वा वर्षाचा. पण माझ्या कपाळावर हळदीकुंकवाचे इतके थर बसले आहेत, की वरचे आकडे दिसावेत म्हणून ते अधूनमधून नखानं खरवडावे लागतात. यंत्राच्या वाट्याला एवढा मान क्वचित येतो. तो मला कसा मिळाला आणि त्यातला किती खरा होता, हे आज मोकळ्या मनानं सांगतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. जन्मताच मला पांढऱ्या थर्माकोलमध्ये गच्च बसवून खोका बंद केला. वर तापणारी तार, तिच्या डोक्यावर पंखा, मध्ये जाळीची टोपली आणि खाली ठिबक झेलणारं भांडं, एवढाच माझा देह. गरम वारा घुमवायचा आणि पदार्थ भाजायचा, हे माझं काम. आणि काम झालं की एक घंटी. बोलायला म्हणून देवानं मला तेवढीच दिली.

चंपतरावांचं बेल्याला किराणा दुकान आहे. एकदा दुकानातच त्यांच्या छातीत कळ आली. आदिलाबादच्या डॉक्टरांनी सगळे कागद पाहिले आणि सांगितलं, "नूने बंद. पूरा बंद." तेलुगूत नूने म्हणजे तेल, हे चंपतरावांना चांगलं समजत होतं, तरी त्यांनी तीन वेळा विचारून घेतलं. मग हैदराबादला नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलानं, संतोषनं, मला घेऊन घरी पाठवलं.

त्याच दिवशी सोनाबाईंनी देवापुढे नेम धरला. सोनाबाई म्हणजे चंपतरावांच्या घरच्या. सोमवार, चतुर्थी, एकादशी त्यांची होतीच. तुळशीला पाणी घातल्याशिवाय त्या स्वतः पाणी पीत नाहीत. आवाज इतका हळू, की त्या रागावल्या तर शेजारच्याला वाटावं आरतीच म्हणतात. त्या म्हणाल्या, "देवा, यायचा रिपोर्ट नीट येईस्तोवर मी तळलेलं तोंडात घालनार नाही."

घरच्यांना हा नेम साधा वाटला. पण मिरचीची भजी हा सोनाबाईंचा जीव की प्राण होता, हे पुढे मला कळलं.

पहिले दोन महिने मला कोणी हात लावला नाही. मी कपाटावर बसून होतो आणि माझ्या डोक्यावर पापडाचा डबा होता. मग एके दिवशी सूनबाई, म्हणजे इथेच सासूसासऱ्यांजवळ राहणारी संतोषची बायको प्रणिता, आदिलाबादहून बर्फातल्या मोमोची पाकिटं घेऊन आली. मोटरसायकलवर वितळू नयेत म्हणून तिनं ती सरकीच्या पोत्यात गुंडाळली होती. मोमो म्हणजे मैद्याच्या पारीत पनीर-कोबीचं सारण भरून चुण्या घातलेल्या पुरचुंड्या.

"किती दिवसाचे होय व हे?" सोनाबाईंनी विचारलं.

"दोन महिन्याचे असतीन, आई."

"दोन महिन्याचं शिळं? अन् ते मी यायले खाऊ घालू?"

"शिळं नाही, आई. कच्चं आहे. शिजल्याशिवाय शिळं कसं होईन?"

सोनाबाईंनी यावर बराच विचार केला आणि हे बोलणं त्यांना पटलं. पाकिटावर कांदा-लसूण नाही ना, हे मात्र त्यांनी प्रणिताकडून दोनदा वाचून घेतलं.

पहिला घाणा मी मन लावून भाजला. बारा मिनिटांनी मोमो बाहेर आले ते नदीतल्या गोट्यांसारखे. चंपतरावांनी एक चावला, कवळी काढून तपासली आणि म्हणाले, "डॉक्टरनं तेल बंद कराले सांगतलं, दात नाही सांगतले."

मला फार वाईट वाटलं. चूक माझी नव्हती. बर्फातल्या पारीला वरून ओल लागते, आणि ती कोणी दिली नव्हती.

ती ओल मला सोनाबाईंच्या रोजच्या एका नेमानं मिळवून दिली. त्यांच्या घरी रोज पहिला घास अग्नीला असतो. गॅसच्या ज्योतीत त्या तूपभाताची दोन शितं टाकतात, मगच वाढायला घेतात. माझ्यात ज्योत दिसेना. तरी त्यांनी शितं माझ्या टोपलीत ठेवली. पंख्यानं ती उडवून तारेला चिकटवली आणि घरभर धूर झाला. मग त्यांनी ठरवलं की वजनदार घास द्यायचा, म्हणजे पहिला मोमो अग्नीचा. तो त्या आत तसाच ठेवत आणि त्याचा कोळसा झाला की "घेतला देवानं" म्हणून हात जोडत. आणि घास द्यायचा म्हणजे पाणी फिरवायला हवं. ते त्या सगळ्या टोपलीवरच शिंपडत. झालं! मोमो असे मऊ-खुसखुशीत निघाले, की चंपतरावांनी सहा खाल्ले आणि सातवा मागितला.

तेव्हापासून आठवड्यातून तीनदा, चार वाजता मोमो ठरले. माझ्या कपाळावर पहिलं कुंकू चढलं ते त्याच आठवड्यात. इथपर्यंतचा मान खरा होता, मित्रांनो. पुढचं सांगायला जीभ असती तर अडखळली असती.

सहा मोमोंनी चंपतरावांचं पोट भरे, मन भरत नसे. बसस्टँडजवळ नागनाथचं हॉटेल आहे. मोमोच्या दिवशी चंपतराव तिथून दुपारीच भजी आणत आणि दुकानात चहापत्तीच्या पोत्यामागे ठेवत. तिन्हीसांजेला सोनाबाई देवघरात पोथीला बसत. प्रणिता ओसरीवर पोरांची शिकवणी घेई. तेवढ्यात चंपतराव अनवाणी पावलांनी स्वयंपाकघरात येत आणि गार झालेली भजी माझ्यात गरम करत. घंटी वाजायला एक मिनिट राहिलं की टोपली ओढून घेत. माझं तोंड कसं बंद करायचं हे त्यांना बरोबर कळलं होतं.

भजी तव्यावर गरम केली तर तेल पितात. माझ्यात ती तेल सोडतात. खालच्या भांड्यात चमचा-दीड चमचा साठे. चंपतराव तोंड पुसत, भांडं पुसायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

पहिल्याच दिवशी पोथी संपवून सोनाबाई भांडं धुवायला आल्या आणि थबकल्या.

"प्रणिता! इकडे ये व! पाय, मोमोतून किती तेल काढलं मशीननं!"

प्रणितानं वाकून पाहिलं, एकदा वास घेतला आणि मग सासऱ्यांकडे पाहिलं. चंपतराव कॅलेंडर वाचत होते. मागच्या वर्षीचं.

"आपल्याले दिसत नाही, पन अंदर केवढं तेल असते पाय," सोनाबाई म्हणाल्या. "हे सगळं यायच्या छातीत गेलं असतं."

शेजारच्या भागीरथाबाईंना बोलावून ते तेल दाखवलं गेलं. त्यांनीही मला हात जोडले. चोरीचा माल माझ्या पोटात आणि कुंकू माझ्या कपाळावर! मी आतून तापलो, पण तापणं हा माझा धंदाच असल्यामुळे कोणाला कळलं नाही.

सोनाबाईंना काही वाया घालवलेलं आवडत नाही. त्यांच्या मनानं घेतलं की हे तेल अग्नीनं स्वतः वेगळं काढलं, म्हणजे शुद्धच. त्या ते वाटीत साठवू लागल्या आणि रोज संध्याकाळी त्याचं निरांजन देवापुढे लावू लागल्या. देवघरात उदबत्तीच्या वासाखालून मिरची भज्यांचा वास दरवळे. चंपतराव समोर आरतीला उभे राहत, तेव्हा आपला गुन्हा वातीला लागून जळताना त्यांना दिसे. टाळ्या वाजवताना त्यांचा ताल चुकू लागला.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. चरबी वाढली होती.

"मायाच नेमात काही कमी पडलं असन," सोनाबाई म्हणाल्या आणि त्यांनी मीठ सोडलं.

"अवं, मीठ कायले सोडतं?" चंपतराव म्हणाले. "तुह्या मिठाचा अन् माया छातीचा काय संबंध?"

"देवाले समजते तो संबंध."

त्या दिवसापासून चंपतरावांनी भजी सोडली. चार दिवस. पाचव्या दिवशी नागनाथनं नुसती हाक मारली, आणि संपलं.

आणखी दीड महिना गेला. उन्हाळा आला, अळणी जेवण जेवून सोनाबाईंचं तोंड सुकलं. आणि पुन्हा रिपोर्ट वाढूनच आला. सोनाबाईंनी जाहीर केलं, की सोमवारपासून त्या चहाही सोडणार आणि एक वेळ जेवणार. दुसऱ्याच सकाळी तुळशीला पाणी घालता घालता त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. भागीरथाबाईंनी धरलं म्हणून बरं, नाहीतर ओट्यावरच डोकं आपटलं असतं.

प्रणितानं त्यांना मीठ-साखरेचं पाणी देऊ केलं. सोनाबाईंनी मान हलवली. "मीठ नाही व."

प्रणिता माझ्याजवळ आली, तिनं माझं खालचं भांडं ओढून सासऱ्यांसमोर ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "बाबा, आता तुमीच सांगा. मी सांगतलं त चुगली होईन."

त्या संध्याकाळी चंपतराव भजी घेऊन आले. पण या वेळी चपला घालून, आवाज करत. चार भजी त्यांनी माझ्यात ठेवली आणि मला पूर्ण वेळ चालू दिलं. इतक्या महिन्यांत त्या वेळेला पहिल्यांदाच माझी घंटी वाजली. ती ऐकून सोनाबाई देवघरातून उठून आल्या, हातात पोथी तशीच.

"संतोषच्या माय," चंपतराव खाली पाहत म्हणाले, "मोमोतून तेल निघत नाही. ते माया भज्याचं होय. पयल्या दिवसापासून."

सोनाबाईंनी टोपलीकडे पाहिलं, खालच्या भांड्याकडे पाहिलं, मग देवघरातल्या जळत्या निरांजनाकडे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "उष्टं त नोतं ना?"

"नाही जी, उष्टं कसं..." चंपतराव अडले. "एकदाच. अर्धं खाल्लं होतं अन् तुमी खोकलल्या, त परत ठेवलं."

ओसरीवरच्या पोरांचे पाढेसुद्धा थांबले. सोनाबाई देवघरात गेल्या, निरांजन शांत केलं, घासून तुपाचं लावलं आणि बराच वेळ देवाशी बोलल्या. बाहेर चंपतराव माझ्याशेजारी उभे होते. आम्ही दोघेही आरोपी, पण मला निदान बसायला ओटा होता.

सोनाबाई बाहेर आल्या. आवाज तसाच, हळू.

"म्या देवाले म्हनलं, तुमच्यासाठी सोडते. तुमी त खाऊन राह्यले होते. मंग म्या कोनासाठी सोडलं?"

चंपतरावांनी माझी टोपली उगाचच आत ढकलली आणि पुन्हा ओढली.

"देवाची माफी मागून आली. माया नेम आजपासून तुमाले देल्ला. रिपोर्ट नीट येईस्तोवर तळलेलं तुमी खानार नाही. अन् दिव्यासमोर पाय पसरून नाही, मांडी घालून सांगा."

चंपतरावांनी मांडी घालून सांगितलं. प्रणितानं मीठ-साखरेचं पाणी आणलं. सोनाबाई ते सगळं प्यायल्या. मग त्यांनी पाटावर बसून माझ्या टोपलीतली चारही भजी ताटलीत घेतली आणि एकेक करून, डोळे मिटून, मिरचीच्या देठापर्यंत खाल्ली. चंपतराव शेवटच्या भज्यापर्यंत आशेनं पाहत होते.

"तुमाले मोमो लावू का?" सोनाबाईंनी विचारलं.

"लावा," चंपतराव बारीक आवाजात म्हणाले.

त्याला आता सहा महिने झाले. चंपतराव नागनाथच्या हॉटेलासमोरून मान वळवून जातात, आणि मागच्या रिपोर्टात चरबी थोडी उतरली आहे. थोडीच, पण माझी आणि मोमोंची मेहनत तिच्यात आहे. सोनाबाईंनी मला एकदा आतून-बाहेरून स्वच्छ पुसलं आणि कुंकू नव्यानं लावलं. हे मी हक्कानं मिरवतो.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे मागणं फार नाही. काम झालं की माझा प्लग काढा, मी गार झालो की टोपली आणि खालचं भांडं कोमट पाण्यानं धुवा. जाळीत अडकलेलं काढायला चाकू नका वापरू, मला लागतं. आणि घरात तुमच्यासाठी कोणी उपास धरला असेल, तर आज त्या माणसाच्या पोटात काय गेलं, हे आपलं ताट वाढून घेण्याआधी एकदा विचारा.