तू झोपली असशील, तर

“गेल्या महिन्यात झोप नीट लागली का, आजी? कधीच नाही, अधूनमधून, की नेहमी?”

“तू झोपली असशील, तर मीही झोपले,” चिरिंडा म्हातारी म्हणाली.

पाहणीचे प्रश्न घेऊन घरोघरी फिरणाऱ्या न्याराद्झोने कपाळाला हात लावला. सकाळी कुणी झोपेची चौकशी केली की त्यांच्या मुतारे शहरात असंच उत्तर द्यायची रीत. तिनेही जन्मभर हेच उत्तर दिलं होतं. पण राजधानीतल्या, हरारेच्या साहेबांना लोकांच्या मनाचा कणखरपणा आकड्यांत मोजायचा होता, आणि रीतीभातीला आकडा कुठून आणायचा?

साहेबांचा आणखी एक हुकूम होता: चेहरा कोरा ठेवा, स्वतःचं काही सांगू नका. आज तेच अवघड होतं. तिचा नवरा तापेरा काल सोन्याच्या खाणीत उतरला आणि आत पाणी शिरलं. दीर फराई खाणीच्या तोंडाशीच बसून होता. काही कळलं की फोन करतो म्हणाला होता. घरात भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा काम बरं म्हणून ती आली खरी, पण जीव सगळा पिशवीतल्या फोनमध्ये अडकला होता.

“रीत राहू द्या, आजी. खरं सांगा.”

“मग आधी तू सांग. झोपलीस?”

“झोपले.”

“झालं तर! लिही, म्हातारीपण ढाराढूर घोरत होती.” म्हातारी खुदकन हसली. “डोळे बघ, मिरच्या चोळल्यागत झालेत. खोटारडी कुठली!”

न्याराद्झोने घाईघाईने पुढचा प्रश्न वाचला. “कठीण प्रसंगातून तुम्ही लवकर सावरता का?”

“लवकर म्हणजे कधी? माझा थोरला गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी भाजीला पाणी घातलं. शेजारणी म्हणाल्या, बाई दगडाची आहे. अगं, पाणी घातलं नसतं तर भाजी मेली असती, धाकटे काय खाणार होते? रडत रडतच घातलं. आता याला सावरणं म्हणायचं का, तूच सांग.”

न्याराद्झोने पेन ‘नेहमी’च्या चौकटीवर नेलं. तेवढ्यात पिशवी थरथरली.

“उचल की.”

“कामावर चालत नाही, आजी.” खरं कारण वेगळंच होतं. जोवर फोन उचलला नव्हता, तोवर तापेरा जिवंत होता.

“कुणाचाय?”

“दिराचा असेल. माझा नवरा... खाणीत पाणी...”

म्हातारीने सरळ पिशवीत हात घातला आणि फोन कानाला लावला. “मी आहे रे तिच्याजवळ. बोल.” मग बराच वेळ नुसतं “हं... हं...”

म्हातारीने फोन ठेवला. खुर्चीवरून उठली, गुडघे धरत जमिनीवर बसली, दुखवट्याच्या घरात बायका बसतात तशी, आणि थोडं सरकून शेजारी जागा केली.