बाटीच्या जागी ठेवलेली वाटी

मी वाटी बोलतेय. स्टीलची, बुडाशी जराशी बसकी, कडेला एक पोचा आलेली. त्या पोच्याची गोष्ट पुढे येईलच. ती आली नसती तर बरं झालं असतं, पण ती वगळली तर माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं उरतं काय? लापशी, खिचडी, मटकीची उसळ आणि राख लावून घासणं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. समजायला लागलं तेव्हा मी पुसदच्या एका भांड्यांच्या दुकानात, चाळीस बहिणींच्या चळतीत होते. दुकानातल्या माणसाने टकटक करत ठिपक्याठिपक्यांनी माझ्या अंगावर 'अंगणवाडी' असं कोरलं. दुखलं, पण अभिमानही वाटला. बाकीच्या वाट्यांवर आहेर देणाऱ्यांची नावं पडत होती. मी एकदम सरकारी झाले होते.

पोत्यात बसून मी महागाव तालुक्यातल्या एका तांड्यावर आले. तांडा म्हणजे बंजारा लोकांची वस्ती. इथे घराघरात गोरमाटी बोलतात. अंगणवाडीच्या सेविका इंदुताई मात्र रस्त्यापलीकडच्या गावातल्या, मराठी बोलणाऱ्या. आणि मदतनीस होती सुखीबाई, तांड्यातलीच.

इंदुताई म्हणायच्या, "चला, हात धुवा." मुलं बघत राहायची. मग मागून सुखीबाई तेच गोरमाटीत म्हणायची आणि मुलं पळत जाऊन हात धुवायची. इंदुताईंना वाटे, पोरं माझं ऐकतात. मला वाटे, पोरांचं पोट मी भरते. दोघींचाही गैरसमज सुखीबाईने कधी मोडला नाही.

पण सुखीबाईचं वय झालं. उन्हाळ्यानंतर ती कामावर येणार नव्हती आणि तिच्या जागी कोणी नेमलेलं नव्हतं. त्याच सुमारास तालुक्याहून पर्यवेक्षिका मॅडम आल्या. दोन तांड्यांवर 'बोलीचा वर्ग' सुरू झाला होता, तो आता आणखी तांड्यांवर न्यायचा होता. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना आधी त्यांच्या घरच्या बोलीत गोष्टी, गाणी, अंक शिकवायचे, शिकवणारी बाई तांड्यातलीच आणि मराठी हळूहळू. त्यासाठी प्रत्येक मुलामागे एक अर्ज होता. त्यात एक रकाना होता, 'घरी बोलली जाणारी भाषा'. पंधरा मुलांच्या रकान्यात गोरमाटी आलं की वर्ग मंजूर.

अर्ज भरायला बसली ममता. तांड्यावरची एकुलती एक डी.एड. झालेली सून. नोकरी नाही, पण अक्षर मोत्यासारखं. बाया एकेक करून आल्या, अंगठा उठवला आणि अंगठा धुवायला पाणी म्हणून मला पुढे ठेवलं गेलं. माझ्यातलं पाणी जांभळं होत गेलं.

ममताचं पेन प्रत्येक वेळी त्या रकान्यावर थांबायचं. ती इकडेतिकडे बघायची आणि मग लिहायची, 'मराठी'. एकोणीस अर्ज होते. एकोणीस वेळा मराठी. शेवटचा तिच्या स्वतःच्या मुलाचा, ओमचा होता. त्याच्यावर तर पेन थांबलंसुद्धा नाही.

"बराबर लिवलं ना वं सगळं?" नंदाबाईने विचारलं. नंदाबाई म्हणजे तिची शेजारीण, वयाने मोठी.

"हो काकी. सगळं बरोबर."

वाटीला वाचता येतं का, असं तुम्ही विचाराल. भिंतीवरच्या तक्त्यासमोर इतकी वर्षं काढल्यावर कोणालाही येईल. मी वाचलं. मी पाण्याने काठोकाठ भरलेली होते. निदान सांडले असते तर ते कागद भिजले असते. नंदाबाईचा हात मला लागलाही होता, मी डुचमळलेही. पण सांडले नाही. त्या दिवशी मी कधी नव्हे इतकी शहाण्यासारखी बसले होते.

जूनमध्ये ओम अंगणवाडीत आला. चार वर्षांचा. सकाळी दहाच्या सुमाराला त्याने इंदुताईंचा पदर ओढला आणि म्हणाला, "बाटी."

इंदुताईंचा चेहरा फुलला. "वाटी पाह्यजे? पाहा, किती शाणा हाये माहा राजा! आल्या आल्या वाटी मांगते." आणि त्यांनी मला उचलून त्याच्यासमोर ठेवलं. रिकामीच. खिचडी व्हायला अजून तास होता.

ओमने माझ्यात डोकावून बघितलं. मग इंदुताईंकडे बघितलं. "बाटी," तो पुन्हा म्हणाला.

"दिली ना बाबा वाटी! हे काय समोर?"

आता माझी लाज सांगते. मला वाटलं, तो मलाच बोलावतोय. रोज दहा वाजता माझं नाव घेणारं एक मूल मला मिळालं होतं! 'वा'चा 'बा' होतो, तर होऊ दे, लहान आहे. चाळीस वाट्यांतून तो मलाच मागतो असं मी मनाशी धरलं आणि दुसऱ्या दिवशीपासून दहा वाजायची वाट बघायला लागले. तो मागायचा, मी पुढे यायचे आणि तो रडायचा. प्रेमाने रडतो, असंही मला एकदा वाटून गेलं. वाटीच्या डोक्यात किती मावणार!

बाकीची मुलं हसायची. त्यांना तो एक खेळच वाटायचा. ओम "बाटी" म्हणाला की तीच धावत जाऊन मला आणायची. एके दिवशी ओमने मला उचललं आणि भिंतीवर फेकलं. माझ्या कडेचा पोचा तो हा.

इंदुताई काही वाईट बाई नव्हत्या. त्यांनी त्याला कधी हात लावला नाही. त्यांनी काळजीनेच ममताला थांबवून सांगितलं, "ममता, रागावू नको. पोराले ऐकू येते ना नीट? वस्तू हातात देली तरी तेच मांगून राह्यला. एकदा कान दाखवून आण."

दुसऱ्याच दिवशी पहाटेच्या एसटीने ममता त्याला यवतमाळला घेऊन गेली. परत आल्यावर दारातूनच तिने सांगितलं, "कान चांगले आहेत, ताई. डॉक्टरांनी मागून पेन पाडलं तर लगेच वळला. घरी बोलत नाही का, विचारत होते."

"मंग बोलते का घरी?"

"मी त्याच्याशी मराठीच बोलते ना ताई, त्याला सवय व्हावी म्हणून. गप्प बसतो."

तेव्हापासून तो इथेही गप्प बसायला लागला. दहा वाजले तरी कोणाचा पदर ओढेना. इंदुताईंना वाटलं, सवय झाली. मी चळतीत सगळ्यांत खाली जाऊन बसले.

हे असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण एकदा ममताला ताप आला आणि ओमला घ्यायला त्याची आजी, मानीबाई आली. जरा लवकरच आली. आजीला बघताच ओमची जीभ सुटली. "बाटी, बाटी!"

आणि इंदुताईंनी सवयीने मला उचलून पुढे केलं.

मानीबाईने माझ्याकडे बघितलं, इंदुताईंकडे बघितलं आणि ती इतकी हसली की तिला दाराची चौकट धरावी लागली. "अवं इंदुताई! पोरगं भाकर मांगून राह्यलं, अन् तू त्याले भांडं देऊन राह्यली?"

"भाकर?"

"भाकरच तं! आमच्यात भाकरीले बाटी म्हणते. दहा वाजता मी त्याले चुलीवरची बाटी देत जाऊ घरी, तूप लावून. म्हणून मांगते थो." बोलता बोलता तिचं हसू थांबलं. "कवापासून मांगून राह्यला?"

इंदुताई खाली जमिनीवरच बसल्या. "जूनपासून," त्या म्हणाल्या. तेव्हा पोळा होऊन गेला होता.

मी इंदुताईंच्या हातातच होते. तिथून कुठे तोंड लपवणार? वाटीला तोंड म्हणजे सगळी उघडीच बाजू. त्याने मला कधी बोलावलंच नव्हतं. तांड्यावर इतकी वर्षं काढून गोरमाटी मलाही कळत होती, पण स्वतःच्या नावापुढे मला भाकर ऐकूच आली नाही. तो उपाशी होता आणि मी त्याच्यासमोर रिकामी बसून स्वतःचं नाव ऐकत होते.

मग इंदुताईंना आठवलं. "मानीबाई, तुमच्या तांड्यावर बोलीचा वर्ग काहून नाही आला? अर्ज तं सगळे गेलते. मी गठ्ठा तसाच बांधून धाडला, वाचलाही नाही." त्यांनी लगेच पर्यवेक्षिका मॅडमना फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, ते खोलीभर ऐकू गेलं. "तुमच्या तांड्याची नोंद आहे की इथे सगळ्यांच्या घरी मराठी बोलतात. मग बोलीचा वर्ग कोणासाठी?"

दुसऱ्या दिवशी बाया अंगणवाडीत जमल्या. ममता अंगात कणकण असताना आली. त्या आपसांत गोरमाटीतच बोलल्या. मी ते तुम्हाला मराठीत सांगतेय, म्हणजे ममताने केलं तेच मीही करतेय. काय करू, तुम्ही पडलात मराठीच्या रकान्यातले.

"मॅडम," नंदाबाई म्हणाली. आजवर ती ममताला नुसतं ममता म्हणायची. "आमच्या नशिबी अंगठा आला, तुझ्या नशिबी शाळा आली. शाळेनं तुला हे शिकवलं? आमचं तोंड आमचं नाही, असं लिहून द्यायला?"

ममता खाली बघत होती. "तिसरीत गुरुजींनी भाकरीचं चित्र दाखवलं होतं. मी उभी राहून बाटी म्हटलं. पुढे पाचवीपर्यंत माझं नावच बाटी होतं. मला वाटलं, आपल्या पोरांचं तरी तसं नको व्हायला. कागदावर मराठी लिहिलं की... की ती मराठीच होतील, असं काहीतरी वाटलं असेल मला. आता सांगताना किती खुळ्यासारखं वाटतंय."

"अन् तुझा ओम?"

"माझा ओम..." ममता म्हणाली. मानीबाईने सुनेच्या पाठीवर हात ठेवला नाही. पण ती उठूनही गेली नाही.

यादी गेलेली होती. ती दोन वर्षं बदलणार नव्हती. तेव्हापासून ममता रोज सकाळी तासभर अंगणवाडीत यायला लागली. कोणी नेमलं नव्हतं, आपणहूनच. पहिल्या दिवशी तिने एका हातात मला धरलं आणि दुसऱ्या हातात फडक्यात गुंडाळून आणलेली ज्वारीची बाटी. मुलांना दोन्ही दाखवलं, दोन्ही म्हणायला लावलं. इंदुताईही मुलांच्या रांगेत बसून म्हणाल्या. त्यांचं "बाटी" ऐकून मुलं खो-खो हसली. आणि ममताचं? तीन वाक्यांनंतर तिच्या गोरमाटीत मराठी घुसायची. मग चार वर्षांची पोरं तिला दुरुस्त करायची आणि ती मान डोलावून पुन्हा म्हणायची. शिकवायला आलेल्या बाईला इतकं लाजताना मी कधी पाहिलं नाही.

गेल्या महिन्यात नवे अर्ज आले. बाया पुन्हा बसल्या, मी पुन्हा पाण्याने भरले गेले. ममताने पेन उघडलं.

"थांब," नंदाबाई म्हणाली. "पहिले वाचून दाखव. मग लिही. मग काय लिहिलं त्यावर बोट ठेवून पुन्हा वाच."

ममताने एकेक रकाना मोठ्याने वाचला. त्या रकान्यात तिने 'गोरमाटी' लिहिलं आणि बोट ठेवून वाचलं. नंदाबाईला अक्षर ओळखता येत नाही, तरी ती वाकून कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिने अंगठा उठवला. पाणी पुन्हा जांभळं झालं. या वेळी सतरा अर्ज झाले.

ओमचा अर्ज त्यात नव्हता. त्याला आता सहावं सरतंय, जूनमध्ये तो पहिलीत जाईल. वर्ग आला तरी तो त्याच्या धाकट्यांसाठी. आईने एका रकान्यात जे लिहिलं, त्यात त्याची दोन वर्षं गेली. ती परत मागायला कोणताच अर्ज नाही.

माझं म्हणाल तर मला आता जेवणात घेत नाहीत. पोच्यात राख अडकते आणि जांभळा डाग घासूनही निघत नाही. मी कपाटावर शाईच्या पॅडशेजारी असते. अर्जांचं उत्तर अजून आलेलं नाही. कोणी तुम्हाला विचारायला आलंच, की तुमच्या घरी मुलं कोणत्या बोलीत भूक सांगतात, तर खरं सांगा. माझ्यासारखं काठोकाठ भरून गप्प बसू नका.

परवा ओम निरोप घ्यायला आला. इंदुताईंनी मला खाली काढून त्याच्या हातात दिलं. "ओळख पाहू, हे काय हाये?"

"वाटी," तो म्हणाला. स्वच्छ, खणखणीत 'वा'. दाराशी उभी असलेली ममता हसली. मग तिने त्याला गोरमाटीत विचारलं, "आणि आजी चुलीवर करते ती?"

ओमने आधी दाराबाहेर बघितलं, मग खिडकीकडे. रस्त्याने कोणी जात नाही ना, हे बघणारी ती नजर मी ओळखली. एकोणीस अर्ज भरताना त्याच्या आईची हीच नजर होती. ममतानेही ओळखली असावी, कारण तिचं हसू मावळलं.

मग कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून त्याने मला तोंडाशी धरलं, तोंड माझ्यात घातलं आणि अगदी हळू म्हणाला, "बाटी."

वाटीत तोंड घालून गुपित सांगू नये. जन्मात एकदाच मला कोणी काही सांगितलं होतं आणि मी ते घुमवून, आहे त्याहून मोठं करून, खोलीभर टाकलं.