पुढून सातवी, मागून नववी

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगून टाकते. अकरा वर्षं शाळेच्या बसवर मुलं चढवते-उतरवते. तिथे मऊ बोलून भागत नाही. आमचे ड्रायव्हरदादा म्हणायचे, "मावशी गाडीत असल्या की हॉर्न बिघडला तरी चालतो." पोरं मला टरकून असायची आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान होता. अकरा वर्षांत एका पोराला साधं खरचटलंसुद्धा नव्हतं.

त्या दिवशी प्राथमिकच्या शेवटच्या वर्गाची सहल होती, गावाबाहेरच्या पाणी शुद्धीकरण केंद्रात. माझी लेकही त्याच वर्गात. एकूण मुलं एकेचाळीस. निघताना प्रत्येकाच्या डोक्यावर शाळेची पिवळी टोपी घातली आणि बजावलं, "जो टोपी हरवेल, त्याची माझ्याशी गाठ आहे."

केंद्रात उघड्या टाक्या होत्या, एकेक खेळाच्या मैदानाएवढी. भोवती कमरेएवढा कठडा. माहिती सांगणारा माणूस म्हणाला, पाणी दोन पुरुष खोल आहे आणि भिंती इतक्या गुळगुळीत की मांजर पडलं तरी वर येत नाही. पोरं हसली. मी दोघांना कॉलर धरून मागे ओढलं.

पाचला केंद्र बंद व्हायचं. वर्गाच्या बाई ऑफिसात वहीत सह्या करत होत्या, आमची बस फाटक अडवून उभी होती आणि मागे एक टँकर हॉर्न वाजवून डोकं उठवत होता. मी मुलांना भिंतीला लावून एका रांगेत उभं केलं. वेळ वाचवायला मी पुढून मोजत निघाले, दादा मागून. मधे माझ्या लेकीपाशी आमची गाठ पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "तेवीस." दादांनीही तिच्याच डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "अठरा."

"आई, मला—" लेक म्हणाली.

"मोजताना मधे बोलू नकोस म्हणून किती वेळा सांगायचं?"

तेवीस आणि अठरा, एकेचाळीस. बाई धावत आल्या, "भरले का?" मी म्हटलं, "भरले." गाडी निघाली.

आता लेकीबद्दल. तीन आठवड्यांवर तिची बुद्धिमत्तेची परीक्षा होती. मोठ्या शाळेतला प्रवेश त्या पेपरावर होता, आणि मी बसमधली पाच मिनिटंही वाया जाऊ देत नसे. पुढच्या सीटवर, माझ्या शेजारी बसून ती गणितं सोडवायची. एरवी मी न सांगता ती पुस्तक काढायची. त्या दिवशी बराच वेळ बॅग मांडीवर घेऊन नुसती बसली होती. तोंड पांढरं पडलेलं. मला वाटलं गाडी लागली.

"पुस्तक काढ," मी म्हटलं.

तिने काढलं. दोनचार पानं उलटली, मग खाली बघून वाचलं, "एका रांगेत एक मुलगी पुढून सातवी आणि मागून नववी आहे. तर रांगेत एकूण मुलं किती?" वहीत पंधरा लिहिलं आणि वही थेट माझ्यापुढे धरली.

"पंधरा? सात आणि नऊ पंधरा होतात का गं? पहिलीतली पोरं हसतील तुला."

"आई, पण ती मुलगी—"

"पण नाही नि बिण नाही. खोड ते."

तिने खोडलं. सोळा लिहिलं. मी विचारलं, आता तरी डोक्यात शिरलं का. तिने मान हलवली. नाही म्हणून. डोळे भरलेले, पण नाही. आजवर मला तोंडावर नाही म्हणाली नव्हती ती कधी. माझं टाळकं सरकलं. पेन्सिल हिसकावून घेतली.

"बघ. नीट डोळे उघडून बघ."

मी सहा टिंबं काढली. त्यांच्यानंतर एक गोल, ही ती मुलगी, सातवी. मग मागे धडाधड नऊ टिंबं काढली आणि मागून मोजत आले. एक, दोन, तीन. गोल आला तो दहावा. मागून ती नववी हवी. एक टिंब खोडलं. पुन्हा मागून मोजलं. पेन्सिलचं टोक दुसऱ्यांदा त्या गोलावर टेकलं. नऊ. मग सगळी मोजली. पंधरा.

"ती दोन्हीकडून मोजली जाते," लेक अगदी हळू म्हणाली.

माझी पेन्सिल त्या गोलावरच राहिली. डोळ्यांपुढे गोल नव्हता, माझ्या लेकीचं डोकं होतं. त्यावर माझा हात, तेवीस. त्याच डोक्यावर दादांचा हात, अठरा.

"दादा, गाडी थांबवा."

माझा आवाज इतका खाली गेला होता की त्यांना ऐकू आला नाही. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता गाडी कडेला घेतली.

मी एकेका डोक्याला हात लावत मोजलं. चाळीस. परत मोजलं. चाळीस. बाईंनी कापऱ्या आवाजात हजेरी घेतली आणि एका नावाला उत्तर आलं नाही. वर्षाच्या मधेच आलेली मुलगी. इतकी लहानखुरी नि गप्प की पोरांनी तिचं नाव मुंगी पाडलं होतं. बसमध्ये मागच्या सीटवर एकटीच बसायची, म्हणून शेजारची जागा रिकामी आहे असं सांगायला कोणी नव्हतं.

बाईंनी केंद्रात फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पाच वाजून गेले होते.

गाडी वळवायला जागा मिळेपर्यंत तीन चौक गेले. तिथून वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत चाळीस पोरांतलं एकही बोललं नाही. अकरा वर्षांत जे मला ओरडून जमलं नव्हतं ते असं झालं. मी दाराच्या दांड्याला धरून उभी होते. डोळे मिटले की पाणी दिसायचं. उघडले की काचेवर अंधारून येताना दिसायचं. मांजर पडलं तरी वर येत नाही. मुंगी केवढी होती? माझ्या कमरेला लागायची. कठडाही कमरेएवढा होता. मी घाबरले होते, जन्मात कधी घाबरले नव्हते तेवढी. बाई मधेच म्हणाल्या, "तुम्ही भरले म्हणालात ना हो." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

रखवालदाराने फाटक उघडलं. सगळे गेले, आत कोणी नाही, मी स्वतः फेरी मारली, असं तो सांगत होता. मी त्याला बाजूला सारून पळत सुटले. तिच्या नावाने हाका मारल्या. असेल नसेल तेवढा आवाज काढला. टाक्यांवरून तो आवाजच परत यायचा. रखवालदार विजेरी घेऊन मागून येत होता. दुसऱ्या टाकीवर त्याचा उजेड पडला आणि थांबला.

पाण्यावर पिवळी टोपी होती.

पुढचं मला नीट आठवत नाही. मी कठड्यावर पाय टाकला होता म्हणे, आणि दादांनी मला मागून कवळा घालून खाली ओढलं. रखवालदाराने लांब बांबू आणून पाणी ढवळलं. टोपी हलली. तिच्याखाली काही नव्हतं. त्याने आणखी खोल बांबू घातला. मी हाका मारतच होते, घसा फुटेपर्यंत.

"मावशी, जरा गप्प बसा," दादा म्हणाले. असं ते मला कधी बोलले नव्हते. मी गप्प बसले.

मग ते अंधारात टाकीमागच्या पंपघराकडे तोंड करून साध्या आवाजात म्हणाले, "टोपी मिळाली बरं का. कोणी रागावणार नाही. ये बाळा."

मग पंपघराच्या मागे, पाइपांच्या ढिगाऱ्यात काहीतरी खुडबुडलं आणि मुंगी बाहेर आली. गुडघे चिखलाने भरलेले. वाऱ्याने टोपी उडाली होती. ती काढायला मागे राहिली, काढता येईना, आणि टोपीशिवाय रांगेत यायचा धीर होईना. आम्ही परत आलो तेव्हा फाटकापासून तिला माझा आवाज ऐकू येत होता. म्हणून ती पाइपांत आणखी आत सरकली होती.

मी तिच्याकडे हात पुढे केला. ती दादांच्या मागे गेली.

शाळेने माझं काय करायचं ते नंतर केलं, ते बरोबरच होतं. ते सांगायला मी बसले नाहीये. घरी आल्यावर लेकीला जेवायला वाढलं. मी तिच्या बॅगेतलं गणिताचं पुस्तक घेऊन बसले. ते रांगेचं गणित पुन्हा बघायचं होतं. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बघितलं. मग परत एकदा, एकेका ओळीवर बोट ठेवून.

"सातवी नि नववी कुठल्या पानावर आहे?" मी विचारलं.

लेकीचा हात ताटातच थांबला. "नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"ते मी केलं होतं. मनानं." ती ताटाकडे बघून बोलत होती. "तू रांगेत बोलू दिलं नाहीस. मला वाटलं, गणित घातलं तर तू ओरडणार नाहीस."

मी पुस्तक मिटून ठेवलं. वही उघडीच होती. त्यात सोळा लिहिलं होतं, आणि त्याच्याखाली खोडलेला पंधरा अजून दिसत होता.