तीन वर्षं की बेमुदत

दुपारी त्या खोलीत ऊन असं पसरायचं, की हललेली प्रत्येक गोष्ट सावकाशच हललीय असं वाटावं. त्या उन्हातून बाबा चालत. त्यांना दिसत काहीच नव्हतं, पण खाटेपासून खिडकी सात पावलं आणि खिडकीपासून नळ नऊ, हे पक्कं पाठ होतं. जन्मभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवलेला माणूस. चार महिन्यांत बोटांनी अख्खी खोली वाचून काढली होती. लेक शिलाईमशीन थांबवून बघत राहायची. आजवर यांचं विंचवाचं बिऱ्हाड, पाठीवर. इथे कुठे जरा टेकले होते.

आज घरमालकीणबाई दोन कागद घेऊन आल्या. बोलायला गोड, पण व्यवहारात एक घाव दोन तुकडे. त्यांचा परगावी असलेला मुलगा कधी परतेल ते नक्की नव्हतं, म्हणून म्हणाल्या, हवा तो करार निवडा. एक तीन वर्षांचा: तोवर कुणी काढणार नाही, मग मात्र खोली सोडायची. दुसरा बेमुदत: शेवटची तारीखच नाही, पण मुलगा आला की दोन महिन्यांत बाहेर.

बाबा आता सत्त्याहत्तरचे, तीन वर्षं त्यांना पुरतील, असं लेकीच्या मनात आलं आणि ती चपापली. आपल्याच बापाची मुदत आपण ठरवतोय, याची तिला भयंकर लाज वाटली. तिनं घाईघाईनं बेमुदतचा कागद ओढला. नकोच ती तारीख. कोण जाणे, मुलगा तिकडेच रमेल, आणि हे ऊन, ही सात पावलं अशीच चालत राहतील. या स्वप्नातून तिला जागं व्हायचं नव्हतं.

"तीन वर्षांचा घे," खाटेवरून बाबा म्हणाले.

तिनं परोपरीनं समजावलं. ते ऐकेनात.

"डोक्यावर टांगती तलवार नको. दार वाजलं की माझी पावलं चुकतील."

"आणि तीन वर्षांनी?" तिनं कसंबसं विचारलं.

"ऐंशीचा होईन. नवी खोली शिकेन. हिला चार महिने लागले, आता सराव झालाय, तीनात होईल. फक्त खिडकीवाली बघ, मला ऊन हवं."

लेकीनं तीन वर्षांच्या कागदावर सही केली आणि बाबांचं बोट धरून त्यांच्या सहीच्या जागेवर नेऊन ठेवलं.