खोप्याची शिकवणी

संजनाच्या लग्नाला बारा दिवस उरले असताना तिची आई, रंभाबाई, विहिरीच्या पायरीवर घसरल्या आणि त्यांचा उजवा हात मनगटात मोडला. डॉक्टरांनी प्लॅस्टर घातलं, दीड महिना हात हलवायचा नाही म्हणून बजावलं. घरच्यांना वाटलं, बाई दुखण्यानं रडतेय. रंभाबाई रडत होत्या खोप्यासाठी.

खाडीकडच्या त्या गावात तीस वर्षं प्रत्येक नवरीचा खोपा त्यांनीच घातला होता. त्यांना सासूनं शिकवला, सासूला तिच्या सासूनं. केसांना खोबरेल चोपडून, गंगावन जोडून, पीळ देत देत असा बसवायचा की दिवसभर हलता कामा नये. वर अबोलीची वेणी, बाजूला सोनचाफा. गावातल्या दोघीतिघींनी हात लावून पाहिला होता, पण कुणाला जमला नव्हता. आणि आता पोटच्या पोरीची वेळ आली तर हात गळ्यात!

"आई, वसईला एव्हरशाईन वसाहतीत विनिताताईंचं पार्लर आहे. त्या घालतील," संजना म्हणाली. ती गोखिवऱ्याच्या एका कंपनीत कामाला होती. जाता-येता ती पाटी रोज बघायची.

"तिला आपला खोपा काय ठाव?"

"मग तू शिकव ना."

विनिता कराडची. लग्न होऊन वसईला आली आणि दोन वर्षांपूर्वी फ्लॅटच्या हॉलमध्येच दोन आरसे लावून तिनं पार्लर सुरू केलं होतं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काकू, शिकेन. पण करून बघायला डोकं हवं. संजनाला तर लग्नाआधी सुट्टी नाही. तुमच्याच केसांवर करू?"

रंभाबाईंना हसू आलं. स्वतःच्या लग्नानंतर त्यांच्या केसांना दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. संकोचत त्या खुर्चीत बसल्या.

विनिताची बोटं हळू चालत होती. तेल लावून झालं, भांग पडला. "आता घट्ट ओढ," रंभाबाईंनी सांगितलं. विनितानं ओढलं.

"आई गं!"

"काय झालं काकू?"

"कानामागं... सोड, सोड जरा."

"तुम्हीच म्हणालात ना, घट्ट म्हणून?"

रंभाबाईंनी डावा हात कानामागं नेला. किती पोरी नेमक्या इथंच कळवळायच्या! "नवरीनं कुरकुर करायची नसते," असं म्हणून त्या खांद्यावर चापट मारायच्या. त्यांच्या सासूनंही तेच केलं होतं. मारायचं म्हणून नव्हे. असंच घालतात, एवढंच माहीत होतं. दुखतं कुठं, हे घालणाऱ्या हाताला कधी कळलंच नव्हतं.

"तिथं ढील दे," त्या म्हणाल्या. "पीळ खाली मानेकडं आवळ. मग सुटनार नाय."

पहिल्या दिवशी सुटला. दुसऱ्या दिवशी कलला. तिसऱ्या दुपारी खोपा बसला तो अगदी जिथल्या तिथं. रंभाबाईंनी मान हलवून बघितली, वाकून बघितलं. दुखत नव्हतं. तसाच खोपा मिरवत त्या रिक्षानं घरी आल्या. अंगणात त्यांचे यजमान नथूभाऊ वालपापडी निवडत होते.

"कोन पायजे?" त्यांनी वर बघत विचारलं, मग हातातली टोपली खालीच ठेवली. "अगं, तू!" आणि परसात जाऊन सोनचाफ्याचं फूल घेऊन आले.

लग्नाच्या सकाळी विनिता बसली संजनाच्या मागं, रंभाबाई शेजारी स्टुलावर. बायका दाटीवाटीनं बघत होत्या.

"सैल वाटतोय गं," मोठ्या जाऊबाई म्हणाल्या. "पडेल."

"नाय पडनार."

नाहीच पडला. अक्षता, फोटो, पंगती, सगळं पार पडलं. निघताना संजना आईच्या गळ्यात पडली आणि रडता रडता कानात म्हणाली, "डोकं जरासुद्धा दुखलं नाही गं." रंभाबाईंना रडावं की हसावं कळेना.

मांडव रिकामा होत आला तेव्हा विनिता ताट घेऊन कोपऱ्यात जेवत होती. रंभाबाई तिच्याशेजारी टेकल्या.

"पुढल्या महिन्यात आमच्या भावकीतल्या जयवंताच्या पोरीचं लगीन हाय. माझा हात सुटेल तोवर. पन तू ये. दोघी मिळून घालू."

विनिताच्या तोंडात जिलबी होती. तिनं नुसती जोरात मान हलवली.