गुरुवारी उघडं राहिलेलं जाळं

मी पक्षी धरायचं जाळं बोलतोय. माझा दोरा काळा आणि केसासारखा बारीक, सावलीत दिसूच नये असा. न दिसणं हीच माझी पात्रता. तशी ती पुष्कळांची असते, पण त्यांना पगार मिळतो.

माझं आयुष्य घानातल्या एका जंगलात गेलं. जंगल म्हणायचं ते सवयीनं. लाकूड कंपनीनं मोठी झाडं नेली आणि भरपाई म्हणून सागाची रोपं लावली, एका उंचीची, सरळ रांगेत. कागदावर जंगल वाढलं होतं. पक्ष्यांना कागद वाचता येत नसल्यानं ते निघून गेले. सागात उरले बुलबुल.

माझा मालक ब्रोबे. तरुणपणी तो कंपनीसाठी मोठी झाडं हुडकून त्यांवर रंगाचा पट्टा ओढायचा. म्हातारपणी वनखात्यासाठी पक्षी हुडकू लागला. "आधी त्यांची घरं दाखवली, आता त्यांचा पत्ता विचारत फिरतोय," असं मला बांधताना पुटपुटे.

ओढ्यापलीकडे जुन्या रानाचा एक तुकडा उरला होता. तिथेही साग लावायचं ठरलं. वनाधिकारी आदुसेई साहेब ब्रोबेला, वडीलधाऱ्याला म्हणावं तसं, म्हणाले, "पापा, जुन्या रानातला एक पक्षी जिवंत हातात दाखवा. शुक्रवारी सकाळी येतो. मग हा तुकडा राखायची शिफारस करतो."

आठवडाभर माझ्यात बुलबुलच आले. बुधवारी तिन्हीसांजेला ब्रोबे मला गुंडाळायला आला. दर बुधवारी गुंडाळायचा, कारण गुरुवारी रानात कुणी पाऊल टाकत नाही. तो धरणीमातेचा विसाव्याचा दिवस. कंपनीनं एकदा एक मेंढी आणि दारूच्या दोन बाटल्या देऊन तिची समजूत काढली होती; तेव्हापासून करवती गुरुवारीही चालत. ब्रोबेकडे मेंढी नव्हती.

त्यानं दोरी धरली, तोच झुडपातून शीळ आली. मुंग्यांच्या रांगेमागे फिरणारा, डोक्यावर निखाऱ्यासारखी रेघ असलेला तो पक्षी. अकरा वर्षांत ती शीळ कुणी ऐकली नव्हती. दोरी तशीच सोडून ब्रोबे मला म्हणाला, "उघडंच राहा. उजाडताच येतो." आनंदाच्या भरात उद्याचा वार तो विसरला.

उजाडताच पक्षी आला. ब्रोबे आला नाही.

मला फक्त धरता येतं, सोडता येत नाही. पक्षी दुपारपर्यंत फडफडला. लांबवर करवती चालू होत्या.

शुक्रवारी ब्रोबे बायकोला, सेरवाला घेऊन धावत आला. मग हळू झाला.

"काल वेशीपर्यंत आलो होतो," तो म्हणाला. "पाय पुढे पडेना."

"पाहिलं मी. एक दिवस मोडला असतास तर धरणी काय गिळणार होती तुला, म्हाताऱ्या?"

"मग हाक मारून सांगायचं होतंस, जा म्हणून!"

सेरवानं पदरानं तोंड पुसलं. "जीभ उचलली नाही. मीही पाळतेच ना!"

साहेब आले. पक्षी हातात घेऊन खूश झाले. "वा पापा, हाच तो!" मग पंख उचलून पाहिला. "पण मेलाय."

"परवा शीळ घालत होता, साहेब. या कानांनी ऐकलाय."

"खोटं कोण म्हणतंय? पण फॉर्ममध्ये 'जिवंत' एवढाच रकाना आहे." साहेबांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी फोटो काढला.

पावसाळ्याआधी तुकडा साफ झाला. आता तिथे सागाच्या रांगा आहेत.

मी सेरवाच्या खुराड्यावर असतो. घारीपासून कोंबड्या राखतो. ब्रोबे माझ्याकडे बघत नाही. मला त्याला एकच सांगायचं होतं, की शेवटपर्यंत त्या पक्ष्यानं वाटेकडेच पाहिलं. पण हे न सांगितलेलंच बरं.

गुरुवारी सागात आजही कुणी जात नाही. धरणी विसावा घेते. शुक्रवारी तिला शीळ घालून उठवणारं मात्र आता कुणी उरलेलं नाही.