मला खाली ठेवा

मित्रांनो, मी देवळातल्या खुंटीवर टांगलेली एक जुनी वीणा आहे. जुन्नरच्या एका सुताराने मला सागाच्या लाकडातून घडवले आणि निमगाव सावाजवळच्या आमच्या वस्तीवर मी आले. सप्ताहाच्या सात दिवसांत माझा थाट काय सांगू! माणसे पाळीपाळीने मला गळ्यात घालून उभी राहत. काल्याचे कीर्तन होईपर्यंत मी जमिनीला टेकायची नाही, असा नेम. ज्याच्या गळ्यात मी, त्याच्या पाया थोरमोठेही पडत. मी भारी फुगून गेले होते.

मग कीर्तनकार भगवंतबुवा आले आणि सप्ताह त्यांच्या शब्दावर चालू लागला. कुणी उलट विचारले, की ते त्याच्या गळ्यात मला अडकवत आणि त्याची पाळी दुसऱ्या कुणाला घेऊ देत नसत. १९९६ साली सोमाजीला असेच उभे केले. घरी त्याचा मुलगा तापाने फणफणत होता. सोमाजीने मला सोडले नाही. मुलगा काल्याच्या आधीच गेला. "भक्ती कमी पडली," बुवा म्हणाले, आणि लोकांनी माना डोलावल्या. मी गप्प लटकत राहिले, त्याची मला आजही लाज वाटते.

पुढच्या वर्षी, सहाव्या दिवशी दुपारी, मी रखमाजीच्या गळ्यात होते. त्याची बायको साळुबाई धापा टाकत आली. त्यांची नात संस्कृती डोळे उघडत नव्हती.

"महाराज, पोरीला आळेफाट्याला दवाखान्यात न्यायची हाय," रखमाजी म्हणाला. "कुनीतरी वीणा घ्या."

दोघे-तिघे उठले. बुवांनी नुसते बोट वर केले, तसे ते खाली बसले.

"अंगारा दिलाय ना तिला? उद्या काल्यापर्यंत वीणा तूच धरायची. खाली ठेवलीस, तर पोरीचं बरंवाईट तुझ्या माथी."

टाळ थांबले. खांबाला टेकून बसलेला सोमाजी रखमाजीकडे बघतच राहिला. रखमाजीने मला गळ्यातून काढले, बुवांच्या समोर अलगद जमिनीवर ठेवले आणि त्यांच्या पायांवर डोके टेकवले.

"महाराज, तुमी मोठे. शाप द्यायचा तर मला द्या, मी घेतो. पोरीला मातर मी नेतो."

त्याने आवाज चढवला नाही. थोड्या वेळाने बाहेर जीप सुरू झाली.

"आता बघा काय व्हतंय ते," बुवा म्हणाले. मग मला उचलायला कुणीच धजेना. गार फरशीवर मी जीव मुठीत धरून पडले होते. तो काला माझ्याविनाच झाला.

काला संपता संपता रखमाजी परतला. पोरीला सलाइन लावले होते आणि तिने डोळे उघडले होते. त्याने बुवांना काही सुनावले नाही, पुन्हा त्यांच्या पाया पडला आणि प्रसादाच्या पंगतीत वाढू लागला. त्यानंतर बुवांच्या बोटाकडे कुणी पाहिले नाही.

मला उचलले ते सोमाजीने. गळ्यात घातले नाही, छातीशी धरले.

"मला बी खाली ठेवता आली असती," एवढेच तो म्हणाला आणि रडू लागला.

मित्रांनो, माझ्या तारा गंजू द्या, माझ्यावर धूळ बसू द्या. पण कुणाचे लेकरू तापाने फणफणत असेल, तर कुणाला भिऊ नका. मला खाली ठेवा आणि त्याला उचला.